दाजीबा कुठल्या हातानं जेवला

दाजीबानं पहिला घास उजव्या हातानं उचलला आणि माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. माझ्या बायकोला, मालूला, वाटलं मी भाजून ओरडलो. ती ओलं फडकं घेऊन आली, माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "पन्नाशी उलटली तरी कप धरता येत नाही." मी टीव्हीकडे बोट केलं. म्हटलं, "अगं, दाजीबा उजव्या हातानं जेवतोय." "मग? माणसं कुठल्या हातानं जेवतात?" ती म्हणाली आणि मग तिची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. मालू गागोद्याकडची. लग्न होऊन रोह्याला आल्यापासून तिनं दाजीबाबद्दल जितकं ऐकलं तितकं सासऱ्यांबद्दलही ऐकलं नाही. दाजीबा म्हणजे 'सातवं ताट' या सिनेमातला थोरला भाऊ. घरात माणसं सहा, पण रोज ताटं सात मांडतात, कारण धाकटा भाऊ रुसून निघून गेलाय आणि आज ना उद्या तो जेवायला येईल अशी दाजीबाची खात्री असते. गोष्ट एवढीच. ती दोन तास वीस मिनिटं चालते.

हा सिनेमा मी एकदाच पाहिला होता, पहिलीत असताना, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं शोधत होतो. तो कुठेच नव्हता. धाटावला आमच्या कंपनीत मी कुणाकुणाला विचारलं, तर लोक म्हणत, असा सिनेमाच नाही, तू स्वप्नात पाहिला असशील. काल मुलीनं पुण्याहून मोबाईलवर पाठवला, "बाबा, घ्या तुमचा दाजीबा." आज माझी सुट्टी होती, आई जेवून आत झोपली होती, आणि मी चहा घेऊन एखाद्या सणाला बसावं तसा बसलो होतो. तर हे. मी चित्र मागं नेलं. पुन्हा उजवा हात. आणखी मागं नेलं, दाजीबा पाटावर बसला, चित्राहुती घातल्या, डोळे पुसले आणि पुन्हा उजव्याच हातानं भात कालवला. मग मला कंपनीतला दिनानाथ आठवला. दिनानाथचं लक्ष कामापेक्षा मोबाईलवर जास्त, पण त्यातलं त्याला कळतं. त्यानं एकदा सांगितलं होतं की चोरून टाकलेले सिनेमे पकडले जाऊ नयेत म्हणून लोक चित्र उलटं करून टाकतात, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मला एवढं हायसं वाटलं की मी उरलेला चहा पिऊन टाकला. म्हटलं, कुणीतरी चोरानं माझ्या दाजीबाचा हात फिरवलाय. खात्री करायला मी सिनेमा पहिल्यापासून लावला. नावाची पाटी आली. 'सातवं ताट'. अक्षरं सरळ होती. स सारखा स, त सारखा त, कुठे काही उलटं नाही. मी पाटीकडे बघत राहिलो आणि मला दुसरीच पाटी दिसायला लागली, लहानपणची, जिच्यातलं एकही अक्षर मला वाचता आलं नव्हतं. मी तेव्हा नुकताच वाचायला शिकलो होतो आणि पेणच्या बाजारातल्या पाट्या मोठ्यानं वाचून आईला हैराण करत होतो. सिनेमाची अक्षरं काही केल्या लागेनात, तेव्हा ती मुंबईची अक्षरं असतील, आपल्याला दुसरीत शिकवतील, असं ठरवून मी गप्प बसलो होतो.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं, मिठागरावर पोट असलेलं. वर्षातून एकदा, मिठाचा हंगाम सुरू झाला की, मिठागरावर सत्यनारायण व्हायचा आणि पेणहून सिनेमाचं मशीन यायचं. मैदानात दोन बांबू पुरून मध्ये पांढरा कपडा ताणायचे. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे. कपड्याच्या दुसऱ्या बाजूला बायका आणि पोरं. असं कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही, पण ते देवळातल्या रांगेसारखं पक्कं होतं. पुरुष कधी मागं गेले नाहीत, बायका कधी पुढं आल्या नाहीत. पोरगा मोठा होऊन मिठागरावर जायला लागला की पुढं बसायचा, आणि त्या वयात पोरांचं लक्ष सिनेमात नसायचं. त्यामुळे एवढे सिनेमे येऊन गेले, तरी कपड्याच्या मागून चित्र उलटं दिसतं हे आमच्या गावात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकांना एवढंच ठाऊक होतं की सिनेमातल्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेतात. शेजारची काशीबाई तर तसा पदर घेऊन रामवाडीच्या एका लग्नात मिरवली. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला काय ठाव? मुंबईला आता असाच घेतात." आणि ती खाली बसली नाही, जेवणसुद्धा उभ्यानं वाढून घेतलं. ही गोष्ट मी किती लोकांना हसत हसत सांगितलीय. सांगताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की त्याच मैदानात, काशीबाईच्या मांडीला मांडी लावून, मीसुद्धा बसलो होतो. कपड्याच्या त्याच बाजूला. मी टीव्ही बंद केला. लेंग्यावरचा चहा आता गार लागत होता.

आता हात कुठला याचं एवढं काय, असं कुणीही म्हणेल. मालू म्हणालीच. पण माझा डावा हात ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती ही. मी जन्माचा डावखुरा. गावात डावा हात कशासाठी असतो हे सांगायला नको, आणि मी त्यानं जेवायचो. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी रागावून पाहिलं, मग मारून पाहिलं, मग सुतळीनं माझा डावा हात जेवायच्या वेळी कमरेच्या करदोट्याला बांधायला सुरुवात केली. त्याचंही काही चूक नव्हतं. मिठागरात गडी एका ओळीत उभे राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढतात, सगळ्यांचा रोख एकीकडे असावा लागतो. मध्ये एक डावरा शिरला की शेजारच्याच्या नडगीवर फावडं बसतं. बाला माझं सगळं आयुष्य मिठागरात दिसत होतं आणि त्यात दोन्हीकडच्या दोन फुटक्या नडग्या. मी उजव्या हातानं जेवायचो म्हणजे काय, भात कानापर्यंत जायचा. आणि मग तो सिनेमा आला. पडद्यावर दाजीबा पाटावर बसला, सातव्या ताटाकडे बघून रडला आणि डाव्या हातानं जेवला. साऱ्या गावानं ज्याच्यासाठी रुमाल भिजवले तो देवमाणूस, डाव्या हातानं! आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, आनंदाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तळ्यावर जाहीर केलं की दाजीबा डावा आहे, आणि जमलेल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. दुपारी तिनं सुतळी चुलीत घातली.

बा म्हणाला, "उजव्या हातानं जेवत व्हता. मी बघलंय." आई म्हणाली, "झोपला असाल." बाकीच्या पुरुषांना विचारावं तर त्यांना जेवणाचा प्रसंगच आठवेना. ते सिनेमातल्या बैलगाडीच्या शर्यतीची वाट बघत बसले होते आणि शर्यत शेवटी होती. जेवणाऱ्या माणसाचा हात कोण बघतो? ज्याच्या घरी बांधलेला हात आहे तोच. दोन दिवस बा एकटा सगळ्या गावाशी भांडला. काशीबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "कान्हूदादा, चालीस बाया खोटं बोलतात काय?" तिसऱ्या दिवशी बा देवळापुढं उभा राहून म्हणाला, "डावाच व्हता. माझीच नजर चुकली." गाव हसलं. त्या दिवसापासून बाचं नाव पडलं, डावा-उजवा कान्हू. बैल जुंपताना कुणी ओरडायचं, "कान्हू, डावा कुठला रं?" होळीला त्याच्या नावानं बोंब मारायचे त्यात हेच. बा हसून घ्यायचा. माझ्या आठवणीत आयुष्यात त्यानं कबूल केलेली ही एकच चूक. आणि आज रोह्याच्या दोन खोल्यांत, ओल्या लेंग्यावर बसून, मला कळत होतं की ती चूक नव्हतीच.

मला वाईट वाटायला हवं होतं बाबद्दल. पण खरं सांगतो, पहिली भीती आईची वाटली. बाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आई एकोणऐंशीची, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, जवळजवळ सगळं विसरलेली. विसरली नाही ती ही गोष्ट. बानं तिला कधी विचारून काही केलं नाही. घर कुठे बांधायचं, म्हैस कधी विकायची, पोरी कुठे द्यायच्या, सगळं त्याच्या मनानं. सबंध संसारात ती एकदा जिंकली, ती दाजीबाच्या हातावर. कुणीही पाहुणा आला की ती माझा डावा हात धरून दाखवते. आणि मुलीनं काल तिलाही फोनवर सांगून ठेवलं होतं, "आजी, उद्या बाबा तुला दाजीबा दाखवतील." चार वाजता आई उठणार होती. उठल्याबरोबर दाजीबा मागणार होती. नेट गेलं म्हणून सांगावं, तर ती मालूच्या मोबाईलवर रोज कीर्तन ऐकते, तिला नेटचं सगळं कळतं. मी खोलीत फेऱ्या मारायला लागलो. मला पडद्याच्या मागची बाजू हवी होती. टीव्हीच्या मागं भिंत होती.

साडेतीनला मी आतलं ड्रेसिंग टेबल ओढत बाहेर आणलं. मालू पोळ्यांचं पीठ हातात तशीच घेऊन आली. "अहो, काय चाललंय?" मी तिला समजावलं. टीव्ही इकडे, आरसा समोर, मध्ये आईची खुर्ची, आईचं तोंड आरशाकडे आणि पाठ टीव्हीकडे. आरशात चित्र उलटं दिसेल, म्हणजे आपल्या गावासारखं, म्हणजे बरोबर. मालू पीठ आत ठेवून आली. मग म्हणाली, "माझ्या टिकल्यांची डबी तरी काढून घ्या आधी." ही बाई मला आवडते ती अशा वेळी. आम्ही दोघांनी आरसा तिरका करून पाहिला, सरळ करून पाहिला. मी खुर्चीत बसून तपासलं. मालू टीव्हीसमोर उजव्या हातानं खोटं खोटं जेवली, आरशात ती डावरी दिसली. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. दाराशी आई उभी होती.

"ह्या काय?" आई म्हणाली. मी म्हणालो, "आये, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी टीव्ही सरळ बघायचा नसतो. आरशात बघायचा." "कंच्या डॉक्टरनं सांगितलं?" "ज्यानं ऑपरेशन केलं त्यानंच." "त्यो तर मला बोलला, आजी, आता सुईत दोरा ओवा." पण ती बसली. मालूनं तिच्या पायावर चादर टाकली. मी मागं, टीव्हीच्या बाजूला, बाकड्यावर. पाटी येऊन जाईपर्यंत मी आईशी मुद्दाम काहीबाही बोलत राहिलो. तिला वाचता येत नाही हे मी घाबरून विसरलोच होतो.

सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात मला दुसरंच संकट दिसायला लागलं. सिनेमा फारच वाईट होता. ज्या घरासाठी मी लहानपणी रडलो त्या घराची भिंत दार लावलं की हलायची. दाजीबाच्या मिशा दर प्रसंगाला लांबी बदलत होत्या. माणसं येत होती, उंबऱ्यात उभी राहून रडत होती आणि आत जाऊन बसून रडत होती. ज्या मधल्या जावेला आमचं सगळं गाव शिव्या देत होतं, जिच्यावर काशीबाईनं पडद्यामागून चप्पल फेकली होती, ती एकटीच शहाण्यासारखं बोलत होती. ती म्हणत होती की रोज उरलेलं सातवं ताट कुणी जेवायचं, शिळं मीच का खायचं? "बरोबर बोलतेय की हो ही," मालू म्हणाली. मी म्हटलं, "ती दुष्ट आहे." "कुठे दुष्ट आहे? सहा माणसांचं रांधतेय आणि सातव्याची उष्टी काढतेय." पंचेचाळीस वर्षं मी जे देवघरात ठेवलं होतं त्याच्यावर मालू भाजी निवडत टीका करत होती आणि मला ती पटत होती. फक्त दाजीबा रडला की मी अजूनही बाहीनं डोळे पुसत होतो, मिशी सुटलेली दिसत असूनसुद्धा. आरशात आईचा चेहरा आणि दाजीबाचा चेहरा शेजारी शेजारी होते.

जेवणाचा प्रसंग आला. टीव्हीत दाजीबाचा उजवा हात उठला, आरशात डावा. घास तोंडात गेला. झालं. जमलं. मी मालूला खूण केली, तिनं मेथीची काडी हलवून मला शाबासकी दिली. तेवढ्यात आई खुर्चीत पुढं झुकली आणि आरशात स्वतःच्या नाकाला हात लावून म्हणाली, "जगन, माझी चमकी ह्या नाकपुडीत कवा गेली रं?"

मी म्हणालो, "कुठे गेली? तिथंच आहे." ती म्हणाली, "डाव्या नाकपुडीत असते. आरशात उलटी दिसते." मग ती हसायला लागली. तिच्या पायांवरून चादर घसरली इतकी हसायला लागली. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "पोरा, एवढा मोठा आरसा कशाला ओढलास? उजव्या हातानंच जेवत व्हता त्यो. मला ठाव हाय."

मी उठून सिनेमा थांबवला. दाजीबा तोंड उघडं ठेवून थांबला. "कधीपासून ठाव आहे?" "तवापासून," आई म्हणाली. "दोन दिवसांनी त्याच मशीनवाल्याचा खाडीपल्याड त्योच सिनेमा व्हता. तुझा बापूस मला घेऊन गेला. तुला काशीबाईकडं ठेवला. तिथं त्यानं मला धरून मशीनीच्या बाजूला, पुरुषांत नेऊन उभी केली. मी तोंडावरून पदर वढला. एक जण बोलला, ही बाय इथं कशाला? तुझा बापूस बोलला, हिला हात बघायचाय." मालूनं भाजी खाली ठेवली. आई सांगत होती, "मी बघलं. उजवा हात. बायांचे पदर बी आपल्यासारखेच. मला लय लाज वाटली रं. येताना बांधावरून चाललो तर त्यो म्होरं आन मी मागं. मी बोलली, तुमचं बरोबर हाय, उद्या मी तळ्यावर सांगते, माझं चुकलं."

ती थांबली. मला वाटलं पुढचं विसरली. आई अलीकडे बोलता बोलता विसरते आणि आम्ही तिला आठवण करून देत नाही, ती रागावते. पण ती चमकी चाचपत होती. "तर त्यो बोलला, सांगू नको. आज दुपारी पोरानं दोनदा भात मागितला. हात बांधल्यापासून पोरगं अर्ध्या पोटानं उठत व्हतं, मला काय दिसत नव्हतं? मी बोलली, मग हात सोडा, पन खोटं कशाला? बोलला, नुसता सोडला तर माझी आय, शाळेतला मास्तर, मिठागरावरचे गडी, सगळे पुन्हा बांधायला लावतील. दाजीबा डावा हाय तवर कोन बोलनार नाय. तू चुकलीस तर पोराचा हात बांधावा लागंल. मी चुकलो तर लोक हसतील. हसू देत."

बाच्या हातातलं फावडं मला दिसत होतं, मिठानं तडकलेल्या टाचा दिसत होत्या, आणि त्याचं ते हसून घेणं. ते हसून घेणं मी भोळेपणा समजत होतो. डावं-उजवं न कळणारा, मनानं साधा माणूस, असंच मी त्याच्याबद्दल सगळीकडे सांगत आलो. मला त्याची इतकी लाज वाटली होती कधीकधी, की कंपनीतले लोक गावी यायचे म्हणाले की मी टाळायचो. आता लाज वाटत होती ती माझी, आणि ती कुठे ठेवावी कळत नव्हतं. मी म्हटलं, "आये, मला सांगायचं तरी. तो गेल्यावर तरी."

"त्यानं शपथ घातली व्हती," आई म्हणाली. "आन तुला कसं सांगनार? तू स्वतःच्या लग्नात माईक हातात घेतलास, साऱ्या वऱ्हाडाला ती गोष्ट सांगितलीस, डावा-उजवा कान्हू करून. लोक पोट धरून हसले. त्यो पहिल्या रांगेत बसला व्हता. मी रडायच्या घाईला आली, तर त्यानं माझा हात दाबला. बोलला, बघ, कसा सांगतोय. माईक डाव्या हातात धरलाय, आन एक जण काय बोलत नाय."